श्वसनसंसर्ग, रक्तातील दाहदर्शक तपासण्या आणि विषाणूचा नायनाट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत महाराष्ट्रातील असंख्य घरांत सीआरपी, फेरिटिन, डी-डायमर आणि सीटी व्हॅल्यू हे शब्द रोजच्या बोलण्यात आले. त्यांचे आकडे फोनवरून नातेवाइकांना कळवले जात आणि त्यांच्यावरून धीर दिला जाई किंवा घाबरगुंडी उडे. ती लाट ओसरली, पण तपासण्या राहिल्या. आज साध्या तापातही त्या सांगितल्या जातात आणि त्यांचा अर्थ लावताना तेव्हाचेच गैरसमज पुन्हा डोके वर काढतात. रक्तातील दाह (इजा किंवा संसर्गाला शरीर देते तो प्रतिसाद, इन्फ्लमेशन) आणि शरीरातील विषाणू यांचा संबंध सर्वांत बारकाईने कोविडमध्येच अभ्यासला गेला, म्हणून पुढील उत्तरांत बहुतेक दाखले कोविडचे आहेत. फ्लू आणि इतर विषाणूंचा उल्लेख जिथे फरक महत्त्वाचा आहे तिथे केला आहे.

दाहदर्शक तपासण्या नेमके काय मोजतात?

त्या विषाणू मोजत नाहीत, विषाणूला शरीराने दिलेला प्रतिसाद मोजतात. श्वसनमार्गाच्या पेशींत विषाणू शिरला की तेथील पेशी आणि त्यांच्या मदतीला आलेल्या पांढऱ्या पेशी काही संदेशवाहक प्रथिने सोडतात. त्यांपैकी इंटरल्युकिन-६ रक्तातून यकृतापर्यंत पोहोचते आणि यकृत सीआरपी, फायब्रिनोजेन यांसारखी प्रथिने मोठ्या प्रमाणात तयार करू लागते. प्रयोगशाळेत आपण मोजतो ती बहुतांशी यकृताची ही कामगिरी असते, आणि ती विषाणूखेरीज जिवाणू, शस्त्रक्रिया, भाजणे, संधिवात अशा अनेक कारणांनी सारखीच सुरू होते. त्यामुळे सीआरपी वाढलेला असणे हे दाह असल्याचे चिन्ह आहे. तो दाह कशामुळे झाला, हे त्या आकड्यातून कळत नाही.

सीआरपी किती असला की काळजी करावी?

बहुतेक प्रयोगशाळा ५ किंवा १० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आतील पातळी सर्वसाधारण मानतात. दाह सुरू झाल्यावर साधारण सहा तासांनी तो वाढू लागतो आणि दोन दिवसांच्या आसपास शिखरावर पोहोचतो. दाह थांबला की मात्र तो झपाट्याने उतरतो, कारण रक्तातील त्याचे अर्धायुष्य सुमारे १९ तासांचे आहे. या गुणामुळेच तो उपयुक्त ठरतो: आज आणि परवा अशा दोन तपासण्यांतील फरक एकट्या आकड्यापेक्षा खूप अधिक सांगतो. तापाच्या पहिल्या काही तासांत काढलेला सीआरपी कमी आला म्हणून निश्चिंत होणे, आणि चौथ्या दिवशी तो ४० आला म्हणून हवालदिल होणे, या दोन्ही गोष्टी टाळायला हव्यात.

सीआरपीचा शोधच श्वसनसंसर्गाच्या रुग्णांत लागला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांना १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तद्रवात असा एक घटक आढळला, जो न्यूमोकोकस जिवाणूच्या 'सी' नावाच्या शर्करेला चिकटत होता, आणि रुग्ण बरा होताच तो घटक नाहीसा होत होता. पुढे अनेक दशके 'जास्त सीआरपी म्हणजे जिवाणू, कमी सीआरपी म्हणजे विषाणू' असा ढोबळ ठोकताळा वापरला गेला. साध्या सर्दी-तापात तो बऱ्यापैकी चालतो. कोविडने मात्र तो मोडला. तीव्र कोविड न्यूमोनियात कोणताही जिवाणू नसताना सीआरपी १०० च्या वर जाणे ही नेहमीची बाब होती, आणि त्या आकड्याकडे पाहून असंख्य रुग्णांना गरज नसलेली प्रतिजैविके दिली गेली. लहान मुलांत ॲडिनोव्हायरसचा संसर्गही सीआरपी बराच चढवतो.

एका प्रयोगशाळेत सीआरपी ६ आला, दुसरीत ६०. हे कसे शक्य आहे?

आधी एकक पाहावे. काही प्रयोगशाळा मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये आकडा देतात, तर काही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. ६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आणि ६० मिलिग्रॅम प्रति लिटर हे एकच प्रमाण आहे. डी-डायमरमध्ये हा गोंधळ आणखी वाढतो, कारण तेथे नॅनोग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांच्याशिवाय मोजण्याच्या दोन वेगळ्या पद्धतीही आहेत. फायब्रिनोजेनशी समतुल्य एककातील आकडा दुसऱ्या पद्धतीच्या साधारण दुप्पट येतो. म्हणून आजाराच्या काळात सर्व तपासण्या शक्यतो एकाच प्रयोगशाळेत कराव्यात, आणि फोनवर आकडा कळवताना त्याच्यासोबत एकक व त्या प्रयोगशाळेची सामान्य मर्यादाही सांगावी.

ईएसआरचा (नळीत तांबड्या पेशी खाली बसण्याच्या वेगाचा) उपयोग होतो का?

तीव्र श्वसनसंसर्गात फारसा नाही. तो हळू चढतो आणि आठवडे उलटले तरी उतरत नाही. शिवाय वय, गरोदरपण आणि रक्तक्षय यांचा त्याच्यावर मोठा परिणाम होतो. क्षयरोग किंवा संधिवाताच्या संदर्भात डॉक्टरांनी तो सांगितला असेल तर ती बाब वेगळी.

प्रोकॅल्सिटोनिनमुळे विषाणू आणि जिवाणू यांतील फरक कळतो का?

काही अंशी कळतो. जिवाणूंच्या संसर्गात शरीरातील अनेक ऊती प्रोकॅल्सिटोनिन हे प्रथिन तयार करू लागतात. विषाणूच्या संसर्गात स्रवणारे इंटरफेरॉन-गॅमा ही निर्मिती दाबून ठेवते, म्हणून सीआरपी १२० आणि प्रोकॅल्सिटोनिन ०.१ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असे जोडचित्र दिसले, तर दाह तीव्र आहे पण त्यामागे जिवाणू असण्याची शक्यता कमी आहे, असा कौल मिळतो. प्रतिजैविके थांबवावीत का, हे ठरवताना ०.२५ ही पातळी बऱ्याच अभ्यासांत वापरली गेली आहे. तरीही हा अंतिम निवाडा नव्हे. मूत्रपिंड निकामी असलेल्यांत हा आकडा एरवीही वाढलेला असतो आणि काही जिवाणूंच्या न्यूमोनियात तो चढतच नाही. अमेरिकेतील छातीरोग आणि संसर्गरोग तज्ज्ञांच्या संस्थांनी २०१९ मध्ये दिलेला सल्ला असा की लक्षणे आणि एक्स-रे यांवरून न्यूमोनिया स्पष्ट दिसत असेल, तर केवळ प्रोकॅल्सिटोनिन कमी आले म्हणून सुरुवातीची प्रतिजैविके रोखू नयेत.

फेरिटिन, एलडीएच आणि डी-डायमर यांचे काय?

फेरिटिन हे लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन आहे आणि दाहातही ते वाढते. त्यामुळे यकृताचा आजार, मद्यपान किंवा लोहाचे आधिक्य असेल तर ते संसर्गाशिवायही जास्त असते. आपल्याकडे लोहाची कमतरता असलेल्या स्त्रियांची संख्या मोठी आहे. त्यांच्यात मूळ पातळीच इतकी कमी असते की दाह असूनही आकडा 'सामान्य' मर्यादेत दिसू शकतो. एलडीएच हे पेशींना इजा झाली की रक्तात उतरणारे विकर आहे. फुफ्फुसाची हानी वाढते तसे ते वाढते, पण नमुना काढताना किंवा नेताना नळीतील तांबड्या पेशी फुटल्या तरीही ते वाढलेले दिसते.

डी-डायमर हा गुठळीतील फायब्रिन विरघळताना होणारा तुकडा आहे. कोविडमध्ये फुफ्फुसातील बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होत असल्यामुळे या तपासणीला महत्त्व आले. वुहानमधील दोन रुग्णालयांतील १९१ प्रौढ रुग्णांच्या २०२० मधील सुप्रसिद्ध अभ्यासात, दाखल होताना डी-डायमर १ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा अधिक असणे हे मृत्यूच्या वाढत्या धोक्याशी जोडलेले आढळले. पण वाढत्या वयात, गरोदरपणात, शस्त्रक्रियेनंतर आणि कर्करोगात डी-डायमर एरवीही जास्त असतो. घरी चालता-फिरता असलेल्या, ऑक्सिजन उत्तम असलेल्या माणसाने किंचित वाढलेला डी-डायमर पाहून आपण होऊन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू करणे धोक्याचे आहे. ते त्या काळात अनेकांनी केले, म्हणून येथे स्पष्ट सांगावेसे वाटते.

साध्या सीबीसीमधून (रक्तपेशींच्या मोजणीतून) काही कळते का?

कळते, आणि कमी खर्चात कळते. विषाणूंच्या तीव्र संसर्गात लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी घटतात, तर न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशी वाढतात. दोघांचे गुणोत्तर चढत जाणे हे कोविडमध्ये आजार गंभीर होण्याचे एक विश्वासार्ह लक्षण ठरले. तालुक्याच्या गावी जिथे इंटरल्युकिन-६ ची तपासणी होत नाही, तिथेही हे गुणोत्तर डॉक्टरांना काढता येते. स्टेरॉइड सुरू असतील तर मात्र न्यूट्रोफिल त्या औषधामुळेच वाढतात, हे ध्यानात ठेवावे लागते.

विषाणू शरीरातून गेला, हे कसे ठरवतात?

नाकातील किंवा घशातील स्वॅब घेऊन आरटी-पीसीआर केली जाते आणि ती विषाणूच्या जनुकीय द्रव्याचे तुकडे शोधते. तो तुकडा जिवंत, लागण करू शकणाऱ्या विषाणूचा आहे की मेलेल्या विषाणूचा अवशेष आहे, हे ही चाचणी सांगू शकत नाही. जिवंत विषाणू आहे का, हे पाहण्यासाठी नमुना प्रयोगशाळेतील पेशींवर वाढवून पाहावा लागतो, आणि ते काम पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेसारख्या, जैवसुरक्षेची कडक व्यवस्था असलेल्या ठिकाणीच होते. नेहमीच्या उपचारांत ते शक्य नाही आणि गरजेचेही नाही.

या दोन चाचण्यांतील अंतर किती मोठे आहे, ते जर्मनीत म्युनिकजवळ २०२० च्या जानेवारीत लागण झालेल्या नऊ रुग्णांच्या अभ्यासाने पहिल्यांदा नीट दाखवले. लक्षणे सुरू झाल्यापासून आठव्या दिवसानंतर त्यांच्या घशातील किंवा थुंकीतील नमुन्यांतून जिवंत विषाणू वाढवता आला नाही, पण पीसीआरमध्ये जनुकीय द्रव्य त्यानंतरही पुष्कळ सापडत राहिले. पुढे अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात वरच्या श्वसनमार्गातून हे द्रव्य सापडण्याचा सरासरी काळ १७ दिवस आला आणि एका रुग्णात तो ८३ दिवसांपर्यंत लांबला. जिवंत विषाणू मात्र नवव्या दिवसानंतर कोणत्याही अभ्यासात मिळाला नव्हता. प्रतिकारशक्ती अतिशय कमी असलेल्या रुग्णांची गोष्ट वेगळी आहे, ती पुढे येईल.

भारत सरकारने ८ मे २०२० रोजीच घरी सोडण्याचे नियम याच दिशेने बदलले होते. सौम्य रुग्णांना लक्षणांपासून दहा दिवस झाले आणि तीन दिवस ताप नसला, तर पुन्हा चाचणी न करता सोडावे, असे ठरले. त्याआधी चोवीस तासांच्या अंतराने दोन निगेटिव्ह चाचण्या लागत, आणि केवळ त्यापायी उत्तम प्रकृतीची माणसे आठवडेच्या आठवडे रुग्णालयात अडकून पडत.

सीटी व्हॅल्यू कमी म्हणजे आजार गंभीर, हे खरे आहे का?

नाही. ही व्हॅल्यू म्हणजे विषाणूचे द्रव्य यंत्राला दिसेपर्यंत ते किती वेळा दुप्पट करावे लागले त्याची संख्या. द्रव्य जितके जास्त, तितकी ही संख्या कमी. साधारण ३.३ चा फरक म्हणजे द्रव्याच्या प्रमाणात दहापट फरक, हे गणित खरे आहे. पण स्वॅब नीट आत घातला होता का, नमुना किती वेळ बाहेर राहिला, किटने कोणते जनुक शोधले आणि आजाराचा कितवा दिवस होता, यांवर ही संख्या सहज बदलते. तीव्र कोविडचे पुष्कळ रुग्ण दुसऱ्या आठवड्यात रुग्णालयात येत, तेव्हा घशातील विषाणू घटलेला आणि सीटी व्हॅल्यू वाढलेली असे, आणि फुफ्फुसात मात्र दाह शिगेला पोहोचलेला असे. याउलट, दुसऱ्या दिवशी चाचणी केलेल्या, जेमतेम कणकण असलेल्या तरुणाची व्हॅल्यू १६ येई. ती पाहून घरातले घाबरत आणि तो आठवड्यात बरा होई.

आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) पॉझिटिव्ह ठरवण्यासाठी ३५ ही मर्यादा ठेवली होती. ती २४ पर्यंत खाली आणावी का, अशी विचारणा महाराष्ट्राकडून झाली, तेव्हा तसे केल्यास लागण पसरवू शकणारे अनेक रुग्ण सुटून जातील, असे आयसीएमआरने कळवले. संख्येचा उपयोग रुग्ण ओळखण्यापुरता आहे. आजाराची तीव्रता त्यावरून जोखू नये, ही भूमिका योग्यच होती.

मग दाह आणि विषाणू यांचा संबंध तरी काय? सीआरपी उतरला म्हणजे विषाणू गेला का?

सर्वांत जास्त गैरसमज येथेच आहे, म्हणून थोडे सविस्तर पाहू.

दाह आणि विषाणू यांचे चढउतार एकाच वेळापत्रकाने होत नाहीत. कोविडमध्ये नाका-घशातील विषाणू लक्षणे सुरू होण्याच्या सुमारास आणि पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक असतो. ज्यांचा आजार वाढतो त्यांच्यात दाह मात्र सातव्या ते दहाव्या दिवसाकडे चढू लागतो. म्हणजे विषाणूचा आलेख उतरणीला लागलेला असताना सीआरपीचा आलेख चढत असतो. त्या दिवशी दोन्ही तपासण्या केल्या तर 'विषाणू कमी, दाह जास्त' हे वरवर विसंगत वाटणारे चित्र दिसते, पण त्यात विसंगती नाही. त्या टप्प्यात नुकसान प्रामुख्याने शरीराच्या अनावर प्रतिसादाने होत असते. २००३ च्या सार्समध्ये घशातील विषाणू दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे दहाव्या ते चौदाव्या दिवशी शिखरावर जाई. फ्लूमध्ये तो पहिल्या दोन दिवसांतच जातो. म्हणून एका आजारातले वेळापत्रक दुसऱ्याला लावता येत नाही.

तरीही दोघांचा काहीच संबंध नाही असेही म्हणता येणार नाही, आणि संशोधनाच्या दृष्टीने हाच भाग सर्वांत मोलाचा आहे. संसर्गाच्या पहिल्या तासांत पेशी टाइप-१ इंटरफेरॉन सोडून विषाणूची वाढ रोखतात. हा पहिला अडसर वेळेवर उभा राहिला, तर विषाणू लवकर आटोक्यात येतो आणि दाहाला पेटायला कारणच उरत नाही. तो उभा राहिला नाही, तर विषाणू वाढत राहतो आणि शरीर उशिरा, पण अवास्तव जोराने प्रतिसाद देते. पॅरिसमधील संशोधकांनी २०२० मध्ये वेगवेगळ्या तीव्रतेच्या ५० कोविड रुग्णांचे रक्त तपासले, तेव्हा अत्यवस्थ रुग्णांत इंटरफेरॉनचा प्रतिसाद क्षीण, रक्तात विषाणू टिकून राहिलेला आणि इंटरल्युकिन-६ सह दाहाची प्रथिने वाढलेली, असे तिन्ही एकत्र आढळले. त्याच वर्षी आणखी एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात जिवावर बेतलेल्या ९८७ कोविड रुग्णांपैकी १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडे सापडली. लक्षणे नसलेल्या किंवा सौम्य आजाराच्या ६६३ जणांत ती एकाकडेही नव्हती. त्या १०१ जणांपैकी ९५ पुरुष होते.

म्हणजे घशातील एका दिवसाच्या विषाणूवरून दाहाचा अंदाज बांधता येत नसला, तरी विषाणू आटोक्यात यायला लागणारा वेळ आणि दाहाची तीव्रता यांच्यात खरा दुवा आहे. वुहानच्या ज्या अभ्यासाचा वर उल्लेख आला, त्यात बरे झालेल्या रुग्णांत विषाणूचे द्रव्य मध्यकाने (म्हणजे निम्म्या रुग्णांत याहून कमी, निम्म्यांत अधिक) २० दिवस आणि जास्तीत जास्त ३७ दिवस सापडले. जे दगावले त्यांच्यात ते अखेरपर्यंत सापडत राहिले, आणि त्यांचे इंटरल्युकिन-६, फेरिटिन व एलडीएच आजार वाढत गेला तसे चढत गेले. पण यावरून एखाद्या रुग्णाचा सीआरपी पाहून 'विषाणू अजून आहे' किंवा 'गेला' असा निष्कर्ष काढता येत नाही. गटांत दिसणारा कल एका माणसाला तसाच्या तसा लागू पडत नाही.

स्टेरॉइड दिल्यावर सीआरपी भराभर उतरला. म्हणजे संसर्ग बरा झाला का?

स्टेरॉइड दाह दाबतात, विषाणू मारत नाहीत. सीआरपी उतरणे हा बऱ्याचदा औषधाचा थेट परिणाम असतो. ब्रिटनमधील 'रिकव्हरी' नावाच्या औषधचाचणीत दररोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड जास्तीत जास्त दहा दिवस दिले गेले. व्हेंटिलेटरवरील रुग्णांत २८ दिवसांतील मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले आणि ऑक्सिजनवरील रुग्णांत २६.२ वरून २३.३ टक्क्यांवर. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती, त्यांच्यात मात्र फायदा दिसला नाही. तेथे मृत्यूचे प्रमाण नेहमीच्या उपचारांत १४ टक्के आणि स्टेरॉइड घेतलेल्यांत १७.८ टक्के होते. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक नव्हता, पण त्याची दिशा विचार करायला लावणारी होती.

याचे कारण वरच्या उत्तरात आहे. पहिल्या आठवड्यात विषाणू वाढत असतो आणि त्याला रोखणारी प्रतिकारयंत्रणा काम करत असते. त्या वेळी ती दाबली तर विषाणूचेच फावते. मर्स या जवळच्या नात्यातील आजाराच्या ३०९ अत्यवस्थ रुग्णांच्या सौदी अरेबियातील अभ्यासात स्टेरॉइड घेतलेल्यांत विषाणूचे द्रव्य नाहीसे व्हायला अधिक वेळ लागल्याचे आणि मृत्यूत घट न झाल्याचे दिसले. आपल्याकडे दुसऱ्या लाटेत केवळ सीआरपी वाढला म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवशी, ऑक्सिजन ९७ असताना घरी स्टेरॉइड सुरू केलेल्यांची संख्या कमी नव्हती. अनावश्यक स्टेरॉइड आणि अनियंत्रित मधुमेह यांनी म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजाराला कशी वाट करून दिली, हे महाराष्ट्राने फार मोठी किंमत मोजून पाहिले आहे. ऑक्सिजनची पातळी उतरली आहे का, हा प्रश्न सीआरपीच्या आधी विचारला पाहिजे.

टोसिलिझुमॅब दिलेल्या रुग्णात या तपासण्या कशा वाचायच्या?

अतिशय सावधपणे. हे औषध इंटरल्युकिन-६ चा ग्राहक (पेशीवरील, संदेश स्वीकारणारी जागा) अडवते. त्यामुळे यकृताला सीआरपी बनवण्याचा संदेशच पोहोचत नाही आणि सीआरपी वेगाने उतरून पुढे काही आठवडे कमीच राहू शकतो. या काळात जिवाणूंचा नवा संसर्ग झाला तरी तो न वाढल्याने संसर्ग लपून राहतो. दुसरीकडे, ग्राहक अडल्यामुळे इंटरल्युकिन-६ वापरले जात नाही आणि रक्तातील त्याची पातळी उलट वाढते. ती पाहून औषध लागू पडले नाही असे समजणे चुकीचे आहे. रिकव्हरी चाचणीत हे औषध ऑक्सिजन ९२ च्या खाली असलेल्या किंवा ऑक्सिजन लागत असलेल्या आणि शिवाय सीआरपी किमान ७५ मिलिग्रॅम प्रति लिटर असलेल्या रुग्णांना दिले होते. मृत्यूचे प्रमाण ३५ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. दाहाचा आकडा निर्णयासाठी खरोखर उपयोगी पडल्याचे हे चांगले उदाहरण आहे, आणि त्यातही तो एकटा वापरलेला नाही.

विषाणूविरोधी औषधाने विषाणू लवकर गेला, तर दाह टळतो का?

औषध वेळेवर सुरू झाले तर टळण्याची शक्यता वाढते. कोविडमध्ये निर्मात्रेल्व्हिर हे औषध लक्षणांच्या पहिल्या पाच दिवसांत धोका असलेल्या रुग्णांना दिल्यावर विषाणूचे प्रमाण अधिक घटले आणि दाखल होण्याचे प्रमाणही घटले. फ्लूसाठी ओसेल्टामिव्हिर पहिल्या ४८ तासांत सुरू केल्यास सर्वाधिक उपयोगी पडते, मात्र गंभीर रुग्णांना ते नंतरही देतात. दाह पेटल्यावर विषाणूविरोधी औषधाचा वाव कमी होतो. २०२१ मध्ये रेमडेसिव्हिरच्या कुप्यांसाठी नातेवाईक जिल्ह्याजिल्ह्यांत धावत होते, तेव्हा व्हेंटिलेटरवर पोहोचलेल्या रुग्णाला त्याचा फायदा होण्याची आशा फार थोडी होती, हे त्यांना कोणी तरी शांतपणे समजावून सांगायला हवे होते.

महिना झाला, आरटी-पीसीआर अजून पॉझिटिव्ह आहे. सीआरपी सामान्य आहे. मी इतरांना लागण देतो आहे का?

प्रतिकारशक्ती ठीक असेल, ताप व इतर लक्षणे गेली असतील, तर तशी शक्यता अत्यल्प आहे. सापडते आहे ते बहुधा मेलेल्या विषाणूचे अवशेष. पुन्हा पुन्हा चाचणी करून घेण्याची गरज नसते.

अवयव प्रत्यारोपण झालेले, रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणारे किंवा प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशी नष्ट करणारी औषधे सुरू असलेले रुग्ण या उत्तराला अपवाद आहेत. त्यांच्यात जिवंत विषाणू महिनोन्महिने टिकू शकतो. बॉस्टनमधील अशा एका रुग्णाच्या नमुन्यातून १४३ व्या दिवशीही जिवंत विषाणू वाढवता आला होता. विशेष म्हणजे अशा रुग्णांत दाह फारसा नसतानाही विषाणू असू शकतो, कारण दाह निर्माण करणारी यंत्रणाच दुबळी असते. त्यांनी सामान्य सीआरपीवर विसंबू नये आणि विलगीकरण कधी संपवायचे ते आपल्या तज्ज्ञांना विचारूनच ठरवावे.

उलट स्थिती: चाचणी निगेटिव्ह आली, पण सीआरपी अजून वाढलेलाच आहे. का?

फुफ्फुसातील दुखापत भरून यायला वेळ लागतो, आणि तोवर थोडा दाह राहतो. पण सीआरपी उतरून पुन्हा चढला असेल, तर डॉक्टरांना लगेच दाखवावे. रुग्णालयात झालेला जिवाणूंचा किंवा बुरशीचा संसर्ग, सलाइनच्या सुईजवळची सूज, पायातील शिरेत किंवा फुफ्फुसात झालेली गुठळी आणि आपल्या देशात न विसरता क्षयरोग, ही कारणे शोधावी लागतात. घशातील स्वॅब निगेटिव्ह असूनही खालच्या श्वसनमार्गात विषाणू असू शकतो. तीव्र न्यूमोनिया असेल तर थुंकी किंवा श्वासनलिकेतील स्राव तपासल्यावर तो सापडतो.

साधा फ्लू किंवा लहान मुलांतील आरएसव्ही (श्वसनमार्गाचा एक विषाणू) यांतही या तपासण्या कराव्यात का?

सरसकट नको. निरोगी प्रौढांत फ्लूचा विषाणू साधारण पाच ते सात दिवसांत जातो, मुलांत त्याहून जास्त दिवस लागतात. आरएसव्हीमध्ये बाळ दूध किती पिते, श्वास किती वेगाने घेते आणि छाती आत ओढली जाते का, हे पाहणे कोणत्याही रक्ततपासणीहून महत्त्वाचे आहे. तरीही फ्लूला हलके समजू नये. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने देशातील पहिला मृत्यू पुण्यात झाला, हे शहर ते विसरलेले नाही. कोविडमधील स्टेरॉइडचा अनुभव मात्र फ्लूला लावू नये, कारण फ्लूमध्ये त्यांचा तसा फायदा सिद्ध झालेला नाही.

आजार सौम्य आहे, घरीच आहे. खात्री म्हणून सर्व तपासण्या करून घेऊ का?

करू नका. ३ मे २०२१ रोजी एम्सचे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी देशाला हेच सांगितले होते: सौम्य आजारात सीटी स्कॅन आणि दाहदर्शक तपासण्या यांची गरज नाही, कारण संसर्गात हे आकडे वाढणारच आणि ते पाहून लोक नको ती औषधे घेतील. देशाच्या उपचार-मार्गदर्शिकेतही सीआरपी आणि डी-डायमर दर ४८ ते ७२ तासांनी पाहण्याचा सल्ला मध्यम आजाराच्या, दाखल रुग्णांसाठी होता. इंटरल्युकिन-६ तर प्रकृती बिघडली तरच पाहायची होती.

मग घरी कशावर लक्ष ठेवावे आणि डॉक्टरांकडे जाताना काय न्यावे?

श्वासाचा वेग आणि ऑक्सिजन यांवर लक्ष ठेवावे. रुग्णाला शांत बसवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. प्रौढ व्यक्तीत ते २४ किंवा अधिक असतील, अथवा ऑक्सिमीटरवर पातळी ९३ किंवा त्याखाली टिकून राहत असेल, तर घरी थांबू नये. ९० च्या खाली उतरली किंवा श्वास ३० च्या वर गेले तर आजार तीव्र आहे. ऑक्सिमीटर लावताना नखांवर रंग किंवा मेंदी नसावी आणि बोटे गार नसावीत. गुंगी येणे, बोलताना धाप लागणे, लघवी कमी होणे, छातीत दुखणे किंवा उतरलेला ताप पुन्हा चढणे या गोष्टी दिसल्या तर आकड्यांची वाट पाहू नये.

डॉक्टरांकडे जाताना लक्षणे नेमकी कोणत्या तारखेला सुरू झाली ते लिहून न्यावे, कारण आजाराचा तिसरा दिवस आहे की नववा, हे कळल्याशिवाय सीआरपी किंवा आरटी-पीसीआर यांपैकी कशाचाच अर्थ लावता येत नाही. आधीच्या सर्व तपासण्यांचे मूळ कागद, तापाच्या आणि ऑक्सिजनच्या तारीखवार नोंदी आणि घेतलेल्या प्रत्येक औषधाचे नाव सोबत असावे. शेजाऱ्याने किंवा औषधविक्रेत्याने दिलेली स्टेरॉइडची गोळी घेतली असेल तर तेही संकोच न करता सांगावे. संधिवात, यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह आणि गरोदरपण यांची माहितीही द्यावी.

स्टेरॉइड सुरू करून घरी पाठवले आहे. आकडे सामान्य झाले की गोळ्या थांबवू का?

स्वतःहून थांबवू नयेत आणि स्वतःहून वाढवूही नयेत. किती दिवस घ्यायच्या ते डॉक्टरांकडून लिहून घ्यावे, त्या काळात मधुमेह नसला तरी उपाशीपोटी व जेवणानंतरची साखर तपासत राहावे, आणि नाक चोंदून काळपट स्राव येणे, गाल दुखणे किंवा एका डोळ्याला सूज येणे यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे.